डबल आहे का?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर कुठलीही वस्तू एक नग मागितली, तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो आणि मग तुमच्या मागे आणखी कोणी आहे का ते बघतो. गावच होलसेलचं. कापड ताग्यावर, सूत पोत्यावर, चिंधी किलोवर आणि रिक्षा सीटवर. रिक्षात एकटेच जाऊन बसलात, तर रिक्षावाला इंजिन बंद करून असा काही उसासा टाकतो, की तुम्हीच उतरून आणखी दोन माणसं शोधून आणता. अशा या नाक्यावर, मेट्रो 5 च्या खांबांच्या सावलीत, एक धंदा मात्र अजून सुट्या नगावर चालतो. स्टेशनरीच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी कार्डांच्या पाकिटांची माळ लटकत असते. क्रिकेटची कार्डं, कुस्तीची कार्डं, पोकेमॉनची कार्डं. शाळा सुटली की त्या माळेखाली एवढी गर्दी होते, की वही घ्यायला आलेल्या आयांना आपल्याच मुलाला बाजूला सारून आत जावं लागतं.

पाकीट विकत घ्यायचं इथे एक शास्त्र आहे. माळेतलं पहिलं पाकीट कोणी घेत नाही. ते दुकानदाराने ‘बघून’ लावलेलं असतं, अशी बाजारात पक्की समजूत. मधलं निवडायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्याची कड धरायची आणि हळूच वाकवून बघायची. चमकीचं कार्ड जाड असतं, ते कमी वाकतं. शेवटी कापडाच्या गावातली पोरं, बोटांना पोत कळतो. पाचवीतल्या एका मुलाचे आजोबा ताग्याची कड चोळून ‘यात पॉलिएस्टर किती’ ते सांगत. नातू पाकीट चोळून आत धोनी आहे की नाही ते सांगतो. आजोबांचा अंदाज बहुधा बरोबर यायचा. नातवाचा येत नाही, पण आत्मविश्वास घराण्याचा आहे.

दुकानदार मधूनमधून ‘दबाके मत देखो!’ असं ओरडतो. ते फक्त मुलांना. लुंगी सावरत, मोबाइल कानाला लावून, ‘बच्चे के लिए चाहिए’ म्हणत जे गृहस्थ दहा मिनिटं माळ चाचपत असतात, त्यांना तो काही बोलत नाही. पाकीट घेतलं की हे गृहस्थ रस्ता ओलांडायच्या आत ते फोडतात. बच्चा घरी असतो. बच्च्याला घरी गेल्यावर ‘डबल’ मिळतात.

हे सगळं आठवायचं कारण माझा न्यू जर्सीचा आतेभाऊ. जन्म कामतघरचा, बालपण पद्मानगरच्या गल्ल्यांत, आता एडिसनला घर आणि बेसमेंटमध्ये बेसबॉलच्या कार्डांचं कपाट. परवा फोनवर म्हणाला, “आता कार्डांत पूर्वीसारखी मजा नाही राहिली रे. ना पोरांना, ना आम्हाला.” एवढं बोलून त्याने ज्या कार्डाची किंमत गेल्या वर्षभरात उतरली होती, त्याच्याबद्दल पाऊण तास सांगितलं. घरात कोणी गेलं असतं तरी तो एवढा वेळ बोलला नसता.

त्याने मागे भाच्यासाठी बेसबॉल कार्डांचं एक पाकीट पाठवलं होतं. भाचा सहावीत. त्याने कार्डं पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि आकडे वाचायला घेतले. आकड्यांवाचून त्याला माणूस कळत नाही. बेसबॉलमध्ये फलंदाजीची सरासरी दशांश चिन्हाच्या उजवीकडे राहते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला टेड विल्यम्सची गोष्ट सांगितली. 1941 साली या माणसाने .406 ची सरासरी काढली, आणि त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन लीगमध्ये कोणालाही एका हंगामात .400 गाठता आलेली नाही.

“पॉइंट चारशे सहा?” भाचा म्हणाला. “म्हणजे दर मॅचला अर्धा रनसुद्धा नाही?”

मी म्हटलं, तसं नसतं, तिथे दहा वेळा खेळायला येऊन चार वेळा जमलं तरी माणूस देव होतो.

“आणि सहा वेळा आउट? ब्रॅडमनचे किती?”

“99.94.”

भाच्याने कार्डांचा गठ्ठा परत पाकिटात सरकवला. “मामा, या अख्ख्या टीमच्या बदल्यात कोणी मला एक बुमराह देणार नाही.”

आणि खरंच कोणी दिला नाही.

मुळात ही कार्डं पोरांसाठी निघालीच नव्हती. अमेरिकेत आणि विलायतेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत, आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून पाकिटाला ताठपणा यावा यासाठी आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापलं तर खप वाढेल, हे कोणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं. 1909 ते 1911 या काळात तंबाखूच्या पाकिटांतून निघालेल्या एका मालिकेत पिट्सबर्गचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर होता. त्याने आपलं चित्र छापायला परवानगी नाकारली. कोणी म्हणतं, पोरांना तंबाखूची सवय लागू नये म्हणून, कोणी म्हणतं, पैशावरून बिनसलं म्हणून. छपाई थांबली, थोडीच कार्डं बाहेर पडली, आणि 2022 साली त्यातलं एक 72 लाख 50 हजार डॉलरना गेलं. ‘नाही’ म्हटलं की भाव वाढतो, हे आमच्याकडे लग्न जुळवणाऱ्या कुठल्याही मावशीने त्याला फुकट सांगितलं असतं.

आमच्याकडे सिगारेटच्या पाकिटात कार्ड निघत नसे, म्हणून पोरांनी पाकीटच कार्ड करून टाकलं. रिकामं पाकीट उलगडायचं, पुढची बाजू फाडून घ्यायची, पुस्तकात दाबून सरळ करायची. जमिनीवर रिंगण आखून त्यात ती मांडायची आणि लांबून फरशीच्या तुकड्याने उडवायची. रिंगणाबाहेर पडलेलं आपलं. प्रत्येक छापाचा भाव ठरलेला, आणि तो गल्लीगल्लीत वेगळा. चारमिनार म्हणजे चिल्लर, कारण ती सगळीकडे पडलेली. त्याच्या वर पनामा, विल्स, गोल्ड फ्लेक. आणि 555 कोणाकडे असेल, तर तो खेळायलाच येत नसे. तो नुसता दाखवायला यायचा.

भिवंडीत यात एक अडचण होती. लूमवरचे कामगार बिडी ओढायचे. बिडीला पाकीट कुठलं, बंडलाला कागदाचं लेबल. बऱ्याच लेबलांवर कारखान्याच्या मालकाचाच फोटो, पगडी किंवा टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारा. ती लेबलंही आम्ही जमवायचो, पण मनापासून नाही. खरं लक्ष असायचं ते मुंबईहून माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यांवर. असा एखादा शेठ एसटी स्टँडवर उतरला आणि त्याने खिशातून गोल्ड फ्लेक काढली, की चार-पाच पोरं त्याच्या मागून निघायची. तो ऑफिसात बसला की बाहेर ओट्यावर बसायची. त्याला वाटायचं, भीक मागताहेत किंवा खिसा मारणार आहेत. शेवटी एखादा धीर करून विचारायचा, “शेठ, अजून किती राहिल्यात?” शेठ पाकीट उघडून बघायचा. तीन. “मग ओढा ना,” असा सल्ला त्याला त्या वयाच्या मुलांनी दिला, याचा त्याला नंतर मुंबईपर्यंत विचार पडला असेल.

काडेपेटीचे छाप हा त्याहून घरगुती प्रकार. विमको कंपनीचा जन्म 1923 सालचा, आणि तिचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला. तिथे नाक्यालाही विमकोचंच नाव लागलं. जहाज, घोड्याचं तोंड, आणि दक्षिणेतून येणाऱ्या पेट्यांवर वाघ, सिंह, मोर, देव. छाप फाटू न देता काढायचा तर पेटी पाण्यात भिजवावी लागे. ‘आधी काड्या बाहेर काढ, मग पेटी भिजव’ हा नियम प्रत्येक घरात कधी ना कधी रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी मोठ्या आवाजात जाहीर झालेला आहे.

मग 1987 चा रिलायन्स कप आला, आणि बिग फन नावाच्या बबलगमने आमचे जबडे ताब्यात घेतले. गमच्या कागदातून रन किंवा विकेट निघायची. ठरावीक जमल्या की क्रिकेटपटूची पुस्तिका मिळायची, पानं भराभर सोडली की त्यात माणूस बॉल टाकताना दिसे. गम गोड होता, पण काही मिनिटांत रबराच्या पातळीवर यायचा. तरी चघळायचो, कारण टाकून दिला तर पुढचा घ्यायला घरी कारण सांगता येत नसे. 5 नोव्हेंबरला वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीप मारून मारून 115 केल्या आणि भारताला उपांत्य फेरीतून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत कोणी गम घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला. रन अजून कमी पडत होत्या ना.

पण खरा सुवर्णकाळ म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. नव्वदच्या दशकात ज्याचं बालपण गेलं, त्याला शाळेतले पाढे आठवणार नाहीत, पण योकोझुनाचं वजन आठवेल. प्रत्येक पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती खेळल्या, किती जिंकल्या. दोघांनी गठ्ठा वाटून घ्यायचा. एकाने आपल्या वरच्या पत्त्यातला एक आकडा पुकारायचा, मोठा आकडा असेल त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे. जायंट गोंझालेस हाती आला तर डोळे मिटून ‘उंची’ म्हणायचं. आठ फूट. त्याच्यापुढे उंची पुकारणारा मूर्ख. मात्र त्याच्या लढतींचा आकडा कोणी बोलू नये. आणि अंडरटेकर एकदा मेला होता आणि परत आला, ही गोष्ट सगळ्या भारतभर सगळ्या मुलांना कोणीही न सांगता माहीत होती.

पद्मानगरात हा खेळ खेळणं सोपं नव्हतं. दोन्ही बाजूंना लूम, दिवसरात्र खटक-खटक. समोरासमोर बसलेल्या माणसाला आपलं बोलणं ऐकू जावं म्हणून सगळं ओरडूनच बोलावं लागे. भरदुपारी गल्लीतून ‘छाती!’ ‘बायसेप्स!’ ‘वजन!’ अशा आरोळ्या ऐकू आल्या की नवखा पाहुणा घाबरून दार लावायचा. आणि लाइट गेली की एकदम शांतता. लूम थांबायचे, कामगार घाम पुसत गल्लीत यायचे, आमच्या भोवती उभे राहायचे आणि बिडी पेटवून पंचाचं काम करायचे. त्यांतल्या अर्ध्यांना वाटायचं की हे सगळे आकडे आमच्यासाठी शाळेने दिलेत. एक तेलुगू मेस्त्री होते, आम्ही त्यांना मामय्या म्हणायचो. त्यांनी एकदा योकोझुनाचा पत्ता हातात घेऊन छातीचा आकडा नीट वाचला, मान हलवली, आणि गंभीरपणे म्हणाले, “छत्तीस पन्ह्यात याचा सदरा बसणार नाही. जोड द्यावा लागेल.” माझ्या मते त्या पैलवानाबद्दल जगात एवढा उपयोगी विचार दुसऱ्या कोणी केला नसेल.

त्या सगळ्या पैलवानांना पुढे हरवलं एका पांडाने. निसर्गरक्षण करणाऱ्या वर्ल्ड वाइड फंडाची आणि त्यांची आद्याक्षरं एकच. फंडवाले कोर्टात गेले, आणि 2002 साली डब्ल्यूडब्ल्यूएफला डब्ल्यूडब्ल्यूई व्हावं लागलं. पांडाचा पत्ता मात्र कधी निघाला नाही. निघाला असता तर रँक एक.

आता आतेभावाच्या दुखण्याकडे येतो. अमेरिकेत या सगळ्याचं जे झालं, ते भिवंडीच्या माणसाला एका वाक्यात कळतं: सगळ्यांनी एकच माल काढला. तिकडच्या जुन्या कार्डांचे भाव चढले ते कशामुळे? पन्नास-साठच्या दशकातल्या मुलांची कार्डं त्यांच्या आयांनी साफसफाईत फेकून दिली म्हणून. उरली ती थोडी. हे लोकांच्या लक्षात आलं आणि ऐंशीच्या दशकात सगळे शहाणे झाले. पोरांनी कार्डांना हात लावायचं बंद केलं, बापांनी खोकेच्या खोके विकत घेऊन माळ्यावर ठेवले, आयांना फेकायला बंदी झाली. आणि कंपन्यांनी रात्रपाळी लावून छापलं. पुढे खोके उघडले तेव्हा कळलं, की सगळ्या माळ्यांवर तेच खेळाडू बसलेत. भाव रद्दीचा. नाक्यावरच्या कुठल्याही लूम मालकाला विचारलं असतं, तर त्याने चहा संपायच्या आत सांगितलं असतं. शेजाऱ्याचा माल विकला जातोय म्हणून सगळ्यांनी तोच तागा काढला की काय होतं, हे आम्ही दर काही वर्षांनी स्वखर्चाने शिकतो.

टॉप्स कंपनीची गोष्ट तर मला झोपू देत नाही. 1952 साली त्यांनी मोठ्या आकाराची बेसबॉल कार्डं काढली. त्यात मिकी मँटल. माल उठला नाही. गोडाऊनमध्ये आठ वर्षं पडून राहिला, जागा अडली, आणि 1960 च्या सुमारास ती कार्डं रचणाऱ्या साय बर्गर यांनीच ते खोके बार्जवर चढवून अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवले. त्याच मँटलचं त्याच मालिकेतलं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकलं गेलं. त्या वेळच्या भावाने शंभर कोटी रुपये. समुद्रात! आमच्याकडे अशी वेळ आली असती, तर आधी भंगारवाला आला असता, मग चिंधीवाला, मग पुठ्ठेवाला, तिघांनी एकमेकांत भाव पाडला असता, आणि शेवटी अर्धा माल अंजूरफाट्यापर्यंतच्या सगळ्या भजीवाल्यांकडे पुडीला गेला असता. आज निदान तेलाचे डाग पडलेले मिकी मँटल घरोघरी सापडले असते. भिवंडीने आजपर्यंत पाण्यात काही टाकलेलं नाही. गणपती सोडून.

आतेभाऊ आता जी कार्डं घेतो ती हाताळायची नसतात. ती ‘ग्रेडिंग’ला पाठवायची. पीएसए वगैरे कंपन्या आहेत, 1991 पासून हेच करतात. तिथला माणूस भिंगातून कोपरे बघतो, कडा बघतो, चित्र मधोमध आहे का ते मोजतो, दहापैकी गुण देतो आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतो. एकदा त्याला नऊ गुण आले. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा बघून आत्याला वाटलं, नोकरी गेली. कारण कळल्यावर ती म्हणाली, “दहावीला तुला छपन्न टक्के होते तेव्हा पेढे वाटले होते मी. नवाला काय रडतोस?”

मी त्याला विचारलं, “त्या डबीतलं कार्ड खेळता येतं का?” नाही. “वास घेता येतो का?” नाही. “कोणाशी बदलतोस?” तर तो म्हणाला, “बदलत नाही, होल्ड करतो.” आमच्या वेळी ‘होल्ड करतो’ म्हणणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसत.

मुलांचंही तसं झालंय, असं त्याचं म्हणणं. यूट्यूबवर लोक पाकिटं फोडतात, मुलं बघत बसतात, भाव तोंडपाठ करतात. यात थोडं खरं आहे. लोगन पॉल नावाच्या एका यूट्यूबरने पिकाचूच्या एका दुर्मीळ कार्डासाठी 52 लाख 75 हजार डॉलर मोजले, साधारण चाळीस कोटी, आणि 2022 च्या रेसलमेनियात ते गळ्यात घालून कुस्तीला उतरला. त्या दिवशी भाच्याच्या वर्गात पोकेमॉनवाले आणि कुस्तीवाले असे दोन गट होते ते एक झाले. आठवडाभर. मग पुन्हा फुटले, डबलच्या हिशेबावरून.

पण नाक्यावरची मुलं त्या बाजाराला पुरून उरतात, कारण त्यांच्या हातात अस्सल काही येतच नाही. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानात 1996 साली निघाला. आमच्याकडे त्याचा सोनेरी अवतार मिळतो, अख्खा डबा, चार-पाच वडापावांच्या पैशात. डब्यातलं प्रत्येक कार्ड सोन्याचं. प्रत्येक कार्ड दुर्मीळ. प्रत्येकाची ताकद शेकड्यांत, आणि इंग्रजी असं, की ते वाचून बाई म्हणाल्या, यापेक्षा आमच्या ड गटाचं बरं. आता सगळंच दुर्मीळ म्हटल्यावर मुलांनी काय केलं? एका डब्यात चुकून एक साधं, पिवळट, पातळ कागदाचं कार्ड आलं होतं. त्यावर सोनं चढवायचं राहून गेलेलं. तेच गल्लीत सगळ्यात महाग झालं. त्याच्यासाठी मुलं पाच-पाच सोनेरी ड्रॅगन द्यायला तयार. वॅग्नरचं गणित या मुलांनी कोणी न शिकवता पुन्हा मांडलं.

खेळाचे मूळ नियम कोणाला माहीत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. कार्ड फरशीवर पालथं ठेवायचं, शेजारी तळहात खोलगट करून थाप मारायची, वाऱ्याने उलटलं की आपलं. सिगारेटच्या पाकिटापासून पिकाचूपर्यंत सगळे शेवटी याच थापेखाली येतात. क्रिकेट अटॅक्सच्या कार्डावर फलंदाजीचे गुण वेगळे, गोलंदाजीचे वेगळे, कोणी किती विचार करून दिलेले असतात, पण थापेला बुमराह आणि अकरावा खेळाडू सारखाच हलका. फक्त हरल्यावर बुमराहसाठी जास्त रडायला येतं.

बरं, ऑनलाइन मागवावं म्हटलं, तर आमच्यासारखं दुर्दैव कोणाचं नाही. अर्ध्या देशाचा माल आमच्या भिवंडीच्या गोडाऊनमध्ये. माणकोली, दापोडे, वळ, नुसती शेडच्या मागे शेड. देशभर लोक मोबाइलवर ‘तुमचं पार्सल भिवंडीला पोहोचलं आहे’ हे वाचून सुस्कारा सोडतात. भाच्याने वाढदिवसाला क्रिकेटच्या कार्डांचा डबा मागवला. दुसऱ्या दिवशी मोबाइल म्हणाला, पार्सल भिवंडीला आहे. भाचा कपडे बदलून दारात. तिसऱ्या दिवशीही भिवंडी. “मामा, आपण सायकलवर जाऊन घेऊन येऊ या का?” चौथ्या दिवशी पार्सल भिवंडीहून निघालं. आता येईल, मग येईल, तर ते भलत्याच दिशेला, घाट चढून दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे एक रात्र मुक्काम केला, हवापालट केली, आणि परत भिवंडी. कुरियरचा मुलगा शेवटी आला तो शेजारच्या गल्लीतला निघाला. डबा देताना त्यानेच विचारलं, “काय आहे, क्रिकेटवाले? डबल निघाला तर सांग, माझ्याकडे तीन धोनी आहेत.” वय असेल तीस. हातात दीडशे पार्सलं, खाली स्कूटर चालू. त्याला पुढच्या पंधरा मिनिटांत कुठलीच डिलिव्हरी आठवली नाही.

आतेभाऊ या दिवाळीला आला. बॅगेत आत्यासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि कपड्यांच्या घडीत लपवून तो नऊ गुणवाला खेळाडू, डबीसकट. “घरी एकटं ठेवायला नको वाटलं,” म्हणाला. मुलं घरी आहेत त्याची.

भाच्याकडे माझ्या लहानपणीचा पत्र्याचा डबा आहे. त्यात जुने पत्ते, कडा पिसलेले, काहींवर निळ्या पेनने माझी सही, म्हणजे चोरीला जाऊ नयेत म्हणून केलेली. भाच्याने डबा उघडला आणि आतेभावाला वरच जायंट गोंझालेस दिसला. मी त्या माणसाला लग्नात, पहिल्या पगारात, ग्रीन कार्डाच्या दिवशी बघितलंय. असा चेहरा कधी नव्हता.

“हा... हा डबल आहे का रे तुझ्याकडे?”

भाच्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डबा बंद केला. व्यापाऱ्याच्या डोळ्यातली गरज ओळखायला इथे वेगळी शाळा लागत नाही. “डबल नाही. सिंगलच आहे.”

“मी तुला अमेरिकेहून शूज पाठवीन.”

“पार्सल भिवंडीत अडकतं.”

आतेभावाने पाचशेची नोट काढली. भाचा म्हणाला, “पैशाने नाही मामा. कार्डाला कार्ड.” आतेभाऊ बराच वेळ गप्प राहिला, मग बॅगेतून डबी काढली. भाच्याने ती उलटीसुलटी केली, कार्डाला हात लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत तो अंगणात जाऊन पाटा-वरवंट्यातला वरवंटा घेऊन आला. पहिल्या घावाला डबी फुटली. आत्या आतून ओरडली, “लक्ष्मीपूजनाला काय फोडताय रे?” आतेभाऊ फोडणाऱ्याकडे बघत नव्हता. तो गोंझालेसची उंची वाचत होता.

संध्याकाळी गल्लीत थापेचा डाव रंगला. आतेभाऊही मांडी घालून बसला. त्याची थाप चांगली आहे, पण मधल्या काळात तळहात मऊ पडलेत. भाच्याने पहिल्याच डावात नऊ गुणवाला लावला आणि हरला. तो आता तिसऱ्या गल्लीत एका चौथीतल्या मुलीकडे आहे, एका कोपऱ्यावर चकलीच्या तेलाचा डाग घेऊन. आतेभावाला आठवड्याभराने तो परत हवासा झाला. एडिसनहून रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो, भाचा मोबाइल घेऊन त्या मुलीच्या दारात उभा राहतो, बोलणी चालू आहेत. समोरची पार्टी दोन बुमराह आणि तो सोनं न चढलेला पिवळा मागते आहे. आतेभाऊ दीड बुमराहपर्यंत आलाय. तिने अर्धा बुमराह म्हणजे कुठला अर्धा, असं विचारलंय.